कपाटाखालचा फासा

टण्.

घर इतकं शांत होतं की तो एवढासा आवाज तिला पाठीत टिचकी मारल्यासारखा लागला. दुपारचे अडीच. लेक झोपली होती, आणि खरोखर झोपली होती, डोळे किलकिले करून अंदाज घेत पडली नव्हती. ओटा पुसून झाला होता, फोन गप्प होता, आणि ती स्वतः खुर्चीवर पाय घेऊन, हातात गरम चहा घेऊन बसली होती. गरम! चहा गरम असताना प्यायला मिळणं ही काय चीज असते ते चार वर्षांच्या पोरीच्या आईलाच विचारावं.

टण्. टण्-टण्.

आवाज वॉशिंग मशीनमधून येत होता. 'बटण असेल,' म्हणत तिने एक घोट घेतला. पण कानाला राहवेना. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. लोकांच्या दातांवर बसवायच्या कॅप घडवायच्या, शेजारच्या दाताशी शेड अशी जुळवायची की कुणाला ओळखू येता कामा नये. दिवसभर चिमुकल्या वस्तू टेबलावर पडत असतात, आणि काय पडलं ते तिला न बघता, आवाजावरून कळायचं. हे बटण नव्हतं. नाणंही नव्हतं. हा ओतीव धातू होता, दोनेक पेरं उंचीचा, आणि तो कुठला ते तिच्या डोक्याआधी तिच्या कानाला समजलं.

मशीन थांबवून तिने ओले कपडे उपसले. लेकीच्या पिवळ्या फ्रॉकच्या खिशात बेडूकतोंड्या बसला होता, तिच्या स्वतःच्या दलदल-सेनेचा निशाणवाला. चिलखत शाबूत, बटबटीत डोळे शाबूत, निशाणाची काठी मात्र काटकोनात वाकलेली. चार वर्षांनी गाठ पडली ती अशी, साबणाच्या फेसात.

"तू इथे काय करतोयस?" ती त्याला म्हणाली.

त्याचं घर खरं म्हणजे झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात. तिथे जुन्या पडद्यांखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत फोमच्या एकतीस खाचांमध्ये एकतीस सैनिक. लग्नाच्या आधीपासून एकेक करून जमवलेले, चिकटवलेले, रंगवलेले. बेडकाच्या तोंडाचे भालाईत, लव्हाळ्याची धनुष्यं घेतलेले तिरंदाज, आणि सगळ्यांच्या पुढे अजस्र गोगलगायीवर मांड ठोकून बसलेली म्हातारी राणी. टेबलावर डोंगर मांडायचे, नदी मांडायची, समोर दुसऱ्याचं सैन्य. मोजपट्टी लावून सैनिक पुढे सरकवायचे आणि कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला ते फासे टाकून ठरवायचं. बस्स, एवढाच खेळ. एवढ्यासाठी ती एकेकाळी तहानभूक विसरायची.

पेटीचं झाकण उघडं होतं. एकतीसपैकी एकोणीस खाचा रिकाम्या.

दुसऱ्या कुठल्या आठवड्यात तिने हे हसण्यावारी नेलं असतं. पण परवाच मोजणीकाकांचा फोन आला होता.

मोजणीकाका म्हणजे जमिनीची मोजणी करणारे सरकारी मोजणीदार. काही वर्षांपूर्वी दाताची शेड जुळवायला ते तिच्या लॅबमध्ये आले, आणि आरशात बघायचं सोडून तिच्या टेबलावर वाळत ठेवलेल्या बेडूकतोंड्याकडे टक लावून बसले.

"हा कोणाचा?"

"माझा."

"रंग कोणी दिला?"

"मीच."

काकांनी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. "माझ्याकडे दगडी राक्षसांची फौज आहे," ते हळूच म्हणाले.

पुढे तीन वर्षं, दर रविवारी, काकांच्या जेवणाच्या टेबलावर तुंबळ लढाया झाल्या. काकांचा वरचा डावा सुळा आजही तिच्या हातचा आहे. ते हसले की तिला आधी आपलं काम दिसतं.

शेवटची लढाई मात्र अर्धीच राहिली. तिला तेव्हा नववा महिना होता. राणीची गोगलगाय पुलापाशी पोचली होती आणि पुलावर काकांचा सगळ्यात मोठा राक्षस पाय रोवून उभा होता. पाच किंवा सहा पडले की राक्षस आडवा, पूल तिचा, लढाई तिची. तिने फासा टाकला. तो टेबलाच्या कडेवर आपटला, खाली पडला आणि घरंगळत काकांच्या नकाशांच्या लोखंडी कपाटाखाली गेला. त्या दोघांचा एक नियम होता, दुसरीकडे कुठेच कोणी पाळत नसेल असा: जमिनीवरचा फासा खरा. पुन्हा टाकायचा नाही, जिथे पडला तिथे जाऊन, वाकून बघायचा. म्हणून ती वाकली. आणि वाकता वाकता तिच्या ध्यानात आलं की आता कपाटाकडे नाही, दवाखान्याकडे जायची वेळ झालीय.

लेक त्याच संध्याकाळी झाली.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले ते फुलांऐवजी तिची पेटी आणि ग्राफपेपर घेऊन. प्रत्येक सैनिक टेबलावर कुठे उभा होता ते पाव इंचापर्यंत मोजून टिपलेलं. खाली सही, तारीख आणि शेरा: 'एक फासा कपाटाखाली. पाहिलेला नाही.'

"तू आलीस की दोघं मिळून बघू," ते म्हणाले होते. "एकट्याने बघणं म्हणजे लबाडी."

ती गेलीच नाही. आधी बाळ रडायचं म्हणून, मग रांगायचं म्हणून, मग लॅबची अर्ध्या दिवसाची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणून. पुढे पुढे कारणंही संपली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की पेटी उघडावीशीच वाटत नाहीये. ते मात्र तिला फार लागलं. वेळ काय, आज नाही तर उद्या मिळतो. हौसच आटली तर ती कुठून आणायची?

परवा फोनवर काका म्हणाले, "बदली झाली गं सेनापती. सोमवारी ट्रक येतोय, कपाट हलणार. आता रविवारी तुला यावंच लागतंय."

"येते," ती म्हणाली. आणि लगेच, का कोण जाणे, "काका, पेटीपण आणते. तुम्हीच ठेवा ती. माझ्याच्याने आता काही व्हायचं नाही."

पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज आला.

"बरं," काका म्हणाले. "खोक्यात जागा ठेवतो."

आणि आज, रविवार चार दिवसांवर आलेला असताना, सेनापतीचं सैन्यच पळालेलं.

लेकीला घरात सगळे खारू म्हणायचे. मिळेल ते उचलायचं आणि कुठेतरी दडवून ठेवायचं, हा तिचा चोवीस तासांचा धंदा. उठल्या उठल्या, केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली, अशा अवस्थेत तिची चौकशी झाली.

"खारू, पेटीतले सैनिक कुठे आहेत?"

"घरी."

"कोणाच्या घरी?"

"आपापल्या," खारू म्हणाली. आईला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं.

मग वरात निघाली. खारू पुढे, आई मागे, हातात ताटली. साबणाच्या डबीत दोघं राहत होते, कारण त्यांना घसरायला आवडायचं. कुंडीत तिघं, गुडघ्यापर्यंत मातीत. बाबाच्या हेल्मेटमध्ये पाच जणांचं एकत्र कुटुंब होतं, त्यातल्या एकाला ताप. शिवणाच्या डब्यात एकटाच एक.

"हा एकटा का गं?"

"तो चावतो."

आईने त्या तिरंदाजाकडे बघितलं. तो चावराच होता. रंगवताना त्याच्या डाव्या डोळ्याशी तिने आठवडाभर झटापट केली होती. आठवलं आणि तिला हसू फुटलं. ताटली भरत गेली. बेडूकतोंड्या धरून अठरा झाले.

"आणि राणी? गोगलगायवाली?"

खारूने पायाचे अंगठे एकमेकांवर चढवले. "ती नको."

"नको काय? आहे कुठे?"

"मी तिला... थोडंसं नटवलंय."

राणी उशीखाली निघाली. तिच्या गोगलगायीचा शंख तेवढा कधीच रंगवून झाला नव्हता. राखाडी अस्तर देऊन 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून ठेवलेला. काका बिनरंगी सैनिकाला टेबलावर पाऊल ठेवू देत नसत, पण शंखापुरती त्यांनी सूट दिली होती, तिच्या पोटाकडे बघून. आता तो शंख लालभडक होता. तिच्याच नेलपॉलिशने. ओघळ सुकलेले, एका ओघळात एक केस अडकलेला.

ती ओरडणार होती. तोंड उघडलंही होतं. पण लॅबची सवय हातात मुरलेली: वस्तू आधी खिडकीपाशी न्यायची, उजेडात तिरकी धरायची, मग मत द्यायचं. तिने राणी खिडकीपाशी नेली, तिरकी धरली. शंख चकाकत होता. नुकताच पाण्यातून वर आलेला शंख चकाकतो तसा. तिच्या डोक्यात इतकी वर्षं एक मातकट, तपकिरी, रीतसर शंख होता, आणि तो मनासारखा जमेना म्हणूनच तर राहून गेला होता.

"वाईट झालाय?" खारूने विचारलं.

"थांब. एक मिनिट बोलू नकोस."

रंगाच्या बाटल्या पेटीशेजारीच होत्या. सहा वाळून दगड झालेल्या. सातवी कानाशी हलवली तर आत खुळखुळली, काळपट जांभळी. तिने चिमट्याने तो केस काढला, ओघळ खरवडले, जांभळ्याचा एक थेंब बशीत घेऊन पाण्याने पातळ केला आणि ब्रश ओठांत धरून त्याला टोक आणलं. ब्रश ओठांत गेलाय हे तिला नंतर कळलं. ओठ काही विसरले नव्हते.

मग तिने तो पातळ रंग शंखाच्या वेटोळ्यात सोडला. रंग आपणहून खाचेतून धावत सुटला, वळणावळणाने आत आत गेला आणि तिथे बसला. वर उरला नुसता लाल. मघाशी तो एक लाल फासलेला गोळा होता, आता तो कोणीतरी पाठीवर वाहून नेण्याजोगा जड, ओला शंख झाला.

"आई," खारू कुजबुजली, "तू हे कधी शिकलीस?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"मी कुठे गेले होते?"

आईने बेडूकतोंड्याची काठी सरळ करायला घेतली. टेबलावरचा चहा केव्हाच गार पडला होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पुढच्या तीन दुपारी खारू झोपली रे झोपली की ती टेबलाशी. रोज म्हणायची वीसच मिनिटं, आणि रोज खारूच येऊन तिचा पदर ओढल्यासारखी ओढणी ओढायची. शनिवारी नवरा घरी आला तर बसायला जागा नाही.

"बेडकांची सभा भरलीय वाटतं. आम्ही जेवावं कुठे?"

"उभ्याने."

"हे सगळं देऊन टाकायचंय म्हणालीस ना उद्या?"

"हो."

"मग रंगवतेस कशाला?"

"द्यायचं तर नीट द्यावं माणसाने," ती ब्रशवरून नजर न हलवता म्हणाली.

"हं," नवरा म्हणाला. सहा वर्षं संसार केलेल्या माणसाच्या 'हं'मध्ये बरंच काही मावतं. ताट घेऊन तो ओट्यापाशी उभा राहिला.

रविवारी सकाळी काकांचं घर अर्धंअधिक खोक्यांत गेलेलं होतं. भिंतींवर काढून घेतलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन. जागेवर होतं ते फक्त जेवणाचं टेबल आणि ते लोखंडी कपाट.

"आलीस बाई एकदाची!" काकू दारातच म्हणाल्या. "चार वर्षं मला त्या कपाटाखाली झाडू घालू दिला नाही ह्यांनी. पाहुण्यांना सांगायचे, तिकडे बघू नका, तिकडे कोळिष्टकं नाहीत, इतिहास आहे."

"पुरावा आहे," काकांनी दुरुस्ती केली आणि हसले. तिचा सुळा चमकला.

ग्राफपेपर टेबलावर पसरला गेला. घडीच्या ओळींवर तो पिवळा पडला होता. खारूने तारखेवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"तुझा वाढदिवस. ही लढाई चालू होती आणि तू आलीस."

"मध्येच?"

"अगदी मध्येच," काका म्हणाले.

मोजपट्टी लावून, कागदाकडे बघत बघत दोघांनी सैन्यं उभी केली. नदीपासून साडेतीन इंच. टेकडीला खेटून. राणीची पाळी आली तेव्हा काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा रंग कुठला गं? असला दुकानात मिळत नाही."

"खाली खारूचा हात, वर माझा."

काकांनी शंख उजेडाकडे फिरवला. "मग ती सूट रद्द," ते म्हणाले. "आता ही फौज पूर्ण रंगीत." आणि त्यांनी राणीला स्वतःच्या हाताने पुलासमोर उभं केलं.

राहता राहिला फासा. काका टॉर्च घेऊन पालथे झाले, पण पोट आडवं आलं. तिने गाल फरशीला टेकवून बघितलं. मागच्या पायाआड पांढरं काहीतरी होतं खरं, ठिपके दिसत नव्हते.

"कपाट सरकवू?"

"वेडी की काय? जरा धक्का लागला की फासा फिरला." काकांनी कपाटाखालची फट मोजपट्टीने मोजली. सवयच. मग त्यांची नजर फिरत फिरत खारूवर आली.

दोघांनी मिळून तिला पढवलं. आत सरपटायचं. बघायचं. फक्त बघायचं. हात लावायचा नाही. ठिपके मोजायचे आणि इथे ऐकू येईल असं सांगायचं.

"कळलं?"

"कळलं," खारू म्हणाली आणि टॉर्च घेऊन खांद्यापर्यंत आत गेली.

आईने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. पाच किंवा सहा. पाच किंवा सहा.

"दिसला?"

"दिसला!"

"किती ठिपके?"

कपाटाखाली बराच वेळ खुडबुड. मग आधी खारूचे पाय मागे आले, मग फ्रॉक, मग कोळिष्टकांनी माखलेलं डोकं. चेहरा विजयी. हात वर, मूठ मिटलेली.

"सापडला!"

काका मटकन एका खोक्यावर बसले.

"खारू," तिने अगदी हळू विचारलं, "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"आत अंधार आहे. मोजताच येत नव्हते. म्हणून बाहेर आणला."

"धूळ!" काका एकदम उठले. "चार वर्षांची धूळ वरच्याच बाजूला बसणार! दाखव बघू बाळा, इकडे दाखव."

खारूने मूठ उघडली. फासा दुधासारखा पांढरा होता. तिच्या फ्रॉकवर पोटापाशी एक लांबलचक काळा फराटा होता.

"मळका होता," ती म्हणाली. "पुसला मी."

काकू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे गदगदत होते.

"पुन्हा टाकायचा," काका शेवटी म्हणाले.

"का म्हणून? जमिनीवरचा फासा खरा. जमिनीवर होता की नव्हता?"

"पण पाहिला कोणी? जो पाहिला नाही तो पडलाच नाही."

"पडला नाही? चार वर्षं पडून होता!"

"मग सांग किती पडले."

"सहा!"

"कशावरून?"

"मला तेव्हाच वाटलं होतं!"

"तुला तेव्हा कळा येत होत्या!"

"म्हणून काय झालं? कळा माझ्या, फासाही माझाच!"

आणि इथे तिला आपला आवाज ऐकू आला. ती उभी होती. दोन्ही मुठी टेबलावर टेकलेल्या, कान तापलेले, आणि समोरच्या पुलावरच्या त्या दगडी ठोंब्याला खाली पाडल्याशिवाय आज जेवण जाणार नाही असं तिला मनापासून वाटत होतं. चार वर्षांत तिला असं काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. काका तिच्याकडे बघत होते. भांडता भांडता सुळा दिसत होता.

"बरं बाई, राहू दे," ते म्हणाले. "जायच्या आधी पेटी दे, म्हणजे खोक्यात बसवतो. जागा ठेवलीय मी."

"कुठली पेटी?" ती म्हणाली.

काकांनी एक कोरा ग्राफपेपर काढला आणि पट्टी शोधायला लागले. "दुसरी प्रत करतो. तू तुझ्या टेबलावर मांड, मी तिकडे माझ्या. रविवारी सकाळी फोन. इंच मात्र खरे सांगायचे."

"हे मला कोण सांगतंय बघा! टेकडी दर वेळी कोण सरकवायचं?"

"अहो, पण आत्ताचं काय?" काकू म्हणाल्या. "तो राक्षस जगला का मेला? मला झाडायचंय."

निवाडाही काकूंनीच दिला. "जिने पुरावा पुसला तिलाच टाकू दे. ती कोणाच्याच बाजूची नाही."

खारूला खुर्चीवर उभं केलं. तिने दोन्ही तळव्यांत फासा धरून कानाशी खळखळ वाजवला. काकांनी आपल्या राक्षसाच्या डोक्यावर हळूच बोट ठेवलं. आईने राणीकडे बघितलं, मग लेकीकडे. ओढणी पुन्हा मुठीत.

खारूने हात वर नेला आणि तिथेच थांबली. तळवे उघडले. फासा एका बाजूवर फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, प्रत्येक बाजू नीट निरखून.

"पण आई," ती म्हणाली, "मी हात घातला तेव्हा ह्याच्यावर किती ठिपके होते?"